निळ्या डब्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना लसीचा डबा आहे. रंगाने निळा, खांद्याचा पट्टा एकदा तुटून पुन्हा शिवलेला. कारखान्यात माझ्या भिंती जाड केल्या त्या एकाच कामासाठी. आत बर्फ राहावा, बर्फात पोलिओच्या बाटल्या राहाव्यात आणि उन्हाला आत वाट मिळू नये.

ठाण्यात मी किती चाळी फिरलो, किती जिने चढलो! मला पाहून पोरं लपत आणि आया हसत त्यांना ओढून आणत. "थेंबवाली आली गं!" अशी हाक गल्लीभर जाई. आता मात्र माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कुणी दाराची कडी वाजवली, की मीच दचकतो.

झालं ते असं. कोलशेत गावात नेहमी जाणारी बाई रजेवर होती, म्हणून कोपरीच्या दर्शनाताई मला घेऊन गेल्या. आमच्या कामाची एक रीत आहे. घरातल्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले, की दाराशेजारी खडूने 'पी' लिहायचं. मूल राहिलं, तर फुली मारायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. सखुबाईंच्या घराला कुलूप होतं. त्यांची छोटी नात कृतिका राहिली. ताईंनी फुली मारली.

कृतिकाचा बाप मयूर तेवढ्यात कामावरून येत होता. अनोळखी बाई आपल्या भिंतीवर फुली मारतेय, हे त्याने लांबून पाहिलं. हाक मारली असती, तर ऐकू गेली असती. त्याने फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला, "कोण आहे ही? कोणी ओळखतं का?" बस, एवढंच. पण तो फोटो पुढे पुढे गेला आणि त्याला शब्द चिकटत गेले. मुलं पळवणारी टोळी. फुली म्हणजे घरात मूल आहे. निळ्या डब्यात गुंगीचं औषध.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत शिरलो, तर बाया ओल्या फडक्याने फुल्या पुसत होत्या. बघता बघता गर्दी जमली.

"काय गो, कुणाची पोरं न्यायला आलीस?"

"मी दवाखान्याची आहे हो. हे ओळखपत्र बघा."

"असली कार्डं झेरॉक्सवाला पण बनवून देतो!" एकजण म्हणाला, आणि लोक हसले.

कुणीतरी मला हिसकावलं. झाकण उडालं. एक बाटली फोडून हुंगली, मातीत ओतली. माझा बर्फ तापल्या रस्त्यावर वितळत होता आणि चहूबाजूंनी मोबाइल वर झाले होते. एकाने ताईंची ओढणी धरली.

तेवढ्यात सखुबाई गर्दीत घुसल्या. "अरे, दवाखाना त्या वलनावर हाय! कुनी जाऊन इचारलं का? का सगल्यांचे पाय मोडलेत?"

मयूरच धावत गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला. गर्दी पांगली. माफी कुणी मागितली नाही, एकटा मयूर सोडून.

"ताई, सॉरी. डिलीट केला फोटो, बघा."

"तुझ्या मोबाइलमधून गेला रे. माझ्या मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर सकाळीच आलाय. कल्याणहून बहीण विचारते, ही तूच ना? तिथून कोण पुसणार?"

सखुबाईंनी कृतिकाला पुढे केलं. "पाज गो बाय हिला."

"आज नाही, आजी. थंडावा गेला. हे थेंब आता देता येणार नाहीत."

ताई पुढच्या दिवशी नवा बर्फ भरून आल्या. कृतिकाला थेंब मिळाले. शेजारची दारं मात्र उघडली नाहीत. आतून पोरांचे आवाज येत होते. ताईंनी फुलीसाठी खडू काढला, पुसलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि तो तसाच पिशवीत टाकला.

मित्रांनो, त्या बंद दारांमागची पोरं माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुमच्या दारी मी आलो आणि शंका वाटली, तर जरूर विचारा. दवाखान्यात जाऊन खात्री करा. मला उघडूनही बघा, पण सावलीत, आणि झाकण लगेच लावा. मात्र फोन काढण्याआधी त्या बाईला नाव विचारा, घोटभर पाणी विचारा. ती सकाळपासून चालत असते.