निरोपाची बशी

"ताई, ही बशी तुम्हीच रंगवा. एकीच्या निरोपाची आहे," मुकादम म्हणाला आणि कोरी पांढरी बशी टेबलावर ठेवून सटकला.

ताईंचा जीव भांड्यात पडला. कपबश्यांच्या कारखान्यातली एक बाई कमी करणार, अशी कुणकुण होती आणि त्यांचा उजवा हात अलीकडे थरथरू लागला होता. पण जिला काढायचं, तिलाच कोणी तिच्या निरोपाची बशी रंगवायला लावेल का? मालक खडूस होते, पण इतके नव्हते. म्हणजे जाणार ती त्यांच्याच वयाची झाडूवालीच.

झाडूवाली त्यांची जुनी मैत्रीण. दुपारी दोघी एकत्रच डबा खायच्या.

"आज स्वारी भलतीच खुशीत! काय गं, काय झालं?" झाडूवालीने विचारलं.

"कुठे काय? हात जरा बराय आज."

बिचारीला सांगून टाकावं, असं ताईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी घासाबरोबर गिळलं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर आपण कशाला मध्ये पडा?

जेवण आटोपून त्यांनी बशी स्पिरिटने पुसली. वेलीचा आणि 'आठवण राहील' या अक्षरांचा व्हिनाइलचा स्टेन्सिल तिच्यावर चिकटवला, कडा बोटाने दाबल्या आणि स्पंजने वरून निळा रंग लावला. रंग सुकल्यावर चिमट्याने व्हिनाइल सोललं. वेल झकास उठली होती. आता बशी फक्त भट्टीत भाजायची. कच्चा रंग दिसायला पक्क्यासारखाच दिसतो, पण पहिल्या घासणीलाच निघून जातो. भट्टी मात्र कपांनी भरलेली, थांबावं लागलं असतं.

"तिच्याकडे कोण लाटसाहेब जेवायला येणारेत!" असं पुटपुटत त्यांनी बशी तशीच खोक्यात घातली.

"भाजली ना नीट?" मुकादमाने विचारलं.

"भाजली की."

सुट्टीच्या वेळी सगळे जमले. मालकांनी दोन शब्द बोलून खोकं उचललं आणि ताईंच्या हातात ठेवलं. टाळ्या झाल्या. ताईंना वाटलं, झाडूवालीला द्यायला आपल्याकडे दिलंय. त्या खोकं घेऊन तिच्याकडे वळल्यासुद्धा. ती डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"रागावू नकोस गं," झाडूवाली म्हणाली. "मला आधीच कळलं होतं. सांगायला तोंडच उघडेना. पण मुकादमाला मी बजावलं, बशी हिच्याच हातची द्या. बाकीच्यांचं काम टिकत नाही."

आपण हिला काय देणार होतो, ते आठवून ताईंना स्वतःची किळस आली.

घरी त्यांनी खोकं ओट्यावर ठेवलं आणि त्या हातपाय धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा सून भांडी घासत होती; खोक्यातली बशीही तिने न बघताच त्यांत घेतली होती. तिच्या हातातल्या घासणीला निळसर फेस आला होता.

"आई, इतकी वर्षं राबलात आणि त्यांनी कोरी बशी दिली?"

"हो," ताई म्हणाल्या. "कोरीच दिली."

सुनेने बशी निथळायला इतर भांड्यांत उपडी घातली.