कचऱ्याच्या डोंगरावरचं भस्म

बंद पडलेल्या कचरा डेपोच्या फाटकाशी माणसांची झुंबड उडाली होती. टेबलावर काचेची बरणी, तिच्यात काळपट तपकिरी पाणी. शेजारी शुद्धिबाबा, आणि त्याच्या पाठीशी ठेकेदार. जुना कचरा उकरून त्यातलं लोखंड-प्लास्टिक विकायचं आणि जागा मोकळी करायची, हा त्याचा धंदा.

"हे या डोंगराच्या पोटातलं विष!" बाबा गरजला. "आणि ही माझी तपश्चर्या!"

चिमूटभर पांढरं भस्म बरणीत पडलं. बघता बघता पाणी नितळ झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"आता पाण्याच्या तपासण्या कशाला हव्यात?" ठेकेदार म्हणाला. "उद्याच यंत्रं लावतो."

सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता माझा सख्खा दादा. त्याची विहीर त्याच डोंगराच्या पायथ्याशी! मी समोरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. बरणीतून येणारा आयोडीनचा वास ओळखला आणि माझं डोकंच फिरलं.

"बाबा, डोंगरातून झिरपून खड्ड्यात साचलेलं ताजं पाणी आणते. त्यावर करा चमत्कार."

"नास्तिकाचा हात लागला की शक्ती पळते."

"मग दादा आणेल. तो तर तुमचा भक्त."

दादाने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. पण सगळे बघत होते. गेला बादली घेऊन. पाणी आलं तसे लोक नाकाला रुमाल लावून मागे हटले. बाबाने चिमूट टाकली, मूठ टाकली, शेवटी पुडीच उपडी केली. पाणी काळं ते काळंच.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतून आयोडीन आणि हायपो नावाची पांढरी पूड आणली. नळाचं पाणी सगळ्यांसमोर आयोडीनने तपकिरी केलं, हायपो टाकून पुन्हा नितळ केलं.

"हेच याचं भस्म. याने आयोडीनचा रंग जातो. कचऱ्याचं विष जात नाही."

"ढोंगी बाई!" बाबा ओरडला.

तेवढ्यात वहिनी पुढे झाली. बरणीतलं नितळ पाणी तिने पेल्यात ओतलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. "विष गेलं ना? प्या मग."

बाबाने तोंड फिरवलं. ठेकेदार मोबाइल कानाला लावून सटकला.

खोदकाम अडलं, तपासणी झाली. दादाच्या विहिरीच्या पाण्यात शिसं निघालं. दादा माझ्याशी अजून धड बोलत नाही, पण विहिरीवर त्याने पत्रा ठोकला आहे.

जुना कचरा उकरायला माझा विरोध नाही. पण आधी पाणी तपासा, आतला वायू मोजा, धूळ कुणाच्या घरात जाईल ते पाहा. आणि नमुन्याची बाटली स्वतःच्या डोळ्यांदेखत भरून घ्या.