मिशन संडेचा कोंबडा

रोजाने टोपलं उचललं. खाली दोन तांबडी पिसं होती आणि विखुरलेले तांदूळ. कोंबडा नव्हता. त्याच्या पायाची सुतळी मात्र खुंटीला नीट गुंडाळून ठेवली होती. मुंगूस सुतळी गुंडाळून ठेवत नाही.

"सांतान!"

नवरा घरात नव्हता. उत्तर दिलं ते गल्लीतून मासळीची पाटी घेऊन चाललेल्या ठमाबाईने.

"त्याला कशाला हाक मारतेस? तो गेला चर्चमदी, काखंत कोंबरा घेऊन. आज तुमचा लिलाव ना?"

रोजाने टोपलं असं आपटलं की त्याची एक कामटी तुटली.

मिशन संडेला मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली की चर्चच्या अंगणात लिलाव व्हायचा. ज्याच्या घरी जे पिकेल ते त्याने आणायचं. नारळ, केळ्यांचा घड, सुकट. पैसे मिशनला जायचे. शेवटची बोली ज्याची, त्याने दूरच्या मिशनमध्ये काम करणाऱ्या एकाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी त्या नावाने एक 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायची. गेली चार वर्षं रोजा या रविवारी अंगणात फिरकली नव्हती. लिलावाच्या वस्तू गोळा करायला टोपली घेऊन दारात आलेल्या इनासला तिने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "पोरगी दिली. आता भोपळा पन पायजे तुमाला?"

पोरगी म्हणजे सेलिन, सिस्टर व्हायला मिशनमध्ये गेलेली. जायच्या आदल्या दिवशी तिने खुडूक कोंबडीखाली नऊ अंडी ठेवली होती. मांडव्याच्या जेट्टीवर बोटीत चढताना तिने सांगितलं होतं, "आये, एकवीस दिवस कोंबडीला उठवू नको." रोजाने उठवलं नाही. सात पिल्लं निघाली. त्यातला हा एक उरला होता.

चढ चढून ती अंगणात पोचली तेव्हा कोंबडा पाय बांधलेला, इनासच्या टेबलावर आडवा पडून एका डोळ्याने आभाळाकडे बघत होता. समोर हितेश उभा होता. त्याची किनाऱ्यावर पर्यटकांची खानावळ होती. तो दर वर्षी लिलावाला यायचा.

"पाचशे. गावठी आहे, रस्सा एकदम टॉप होईल."

"चार वर्षांचा हाय, हितेश," इनास म्हणाला. "पाव्हन्यांचे दात मोजून घे."

लोक हसले. सांतानने रोजाला बघितलं आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

"तिच्यासाठीच आनला गो," तो हळूच म्हणाला. "दर वर्षी आपल्या घरचं कायच नसतं."

"तिच्यासाठी? तिचाच कोंबडा कापायला?"

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. "सहाशे."

"सातशे," हितेश म्हणाला.

"आठशे."

"मावशी, तुमचाच कोंबडा तुम्हीच विकत घेणार?"

"तुज्या बापाचं काय जातं? नऊशे!"

स्वतःच्याच बोलीवर तिने बोली चढवली होती. या वेळी कोणी हसलं नाही. हितेशने दोन्ही हात वर केले. रोजाने कनवटीचा रुमाल सोडला, नारळांचे आलेले पैसे टेबलावर आपटले आणि कोंबडा उचलून छातीशी धरला. त्याचं काळीज तिच्या हाताखाली धडधडत होतं, तिच्यापेक्षाही जोरात.

ती वळली तसा इनास मागून म्हणाला, "रोजा, नाव?"

ती थांबली. चार वर्षांत घरात ते नाव कोणी काढलं नव्हतं. सांताननेसुद्धा नाही.

इनासला वाटलं, तिला सांगायला जड जातंय. त्याने स्वतःच घसा साफ केला. "झारखंडच्या मिशनमधल्या सिस्टर मारिया क्लेअर यांच्यासाठी आपन..."

"कोन मारिया?" रोजा ओरडली. इतकी मोठ्याने, की चर्चच्या पायरीवरचे फादर वळून बघू लागले. "ते नाव तुमी लोकांनी ठेवलं. मला इचारलं व्हतं? माज्या घरात कोन मारिया क्लेअर जल्मली न्हाय!"

"मग काय म्हनू?"

"सेलिन. सेलिन म्हना."

इनासने फादरांकडे बघितलं. फादरांनी मान हलवली.

"सेलिनसाठी," इनास म्हणाला.

"सेलिनसाठी," अंगणातल्या सगळ्यांनी म्हटलं आणि प्रार्थना सुरू झाली. रोजाने ओठ घट्ट मिटून घेतले होते. तिची मान ताठ होती. प्रार्थना अर्ध्या मिनिटात संपली. माणसं खाली ठेवलेल्या पिशव्या उचलू लागली, इनासने पुढचा केळ्यांचा घड ओढला.

रोजाने तो बाजूला सारला आणि कोंबडा पुन्हा टेबलावर ठेवला.

"परत लाव बोली."

"अगो, पन तूच घेतलास ना आता?"

"परत मीच घेनार. परत नाव म्हना," ती म्हणाली आणि इनासवरची नजर न काढता तिने हात मागे, सांतानपुढे पसरला.

सांतान दोन्ही खिसे चाचपू लागला.