चौथी ओळ

माझ्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी धाकट्या भावाने घर घ्यायचं ठरवलं. घर जुनंच, पण नुकतंच रंगवलेलं. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की घेण्याआधी इंजिनिअरकडून तपासून घ्या. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. मला ते लागलं.

"घरात गवंडी असताना परका कशाला?"

"दादा, तू भिंती बघ. तो बाकीचं बघेल," भाऊ हसला.

मग तो कामासाठी परगावी गेला, म्हणून इंजिनिअरबरोबर मी गेलो. तो टॉर्च घेऊन शिडीवर चढला, जुन्या स्लॅबखाली नव्याने ठोकलेल्या छताची एक फळी सरकवून आत डोकावला आणि लिहीत राहिला. मी थापीच्या मुठीने एकेक भिंत ठोकली. कुठेच पोकळ आवाज नाही. न्हाणीघरात गॅसचा गिझर होता. त्याच्या धुराचा पाइप छतात शिरलेला दिसला. वर गेला म्हणजे बाहेर गेला, असं मी धरलं.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअरने घरी पाकीट आणून दिलं. "आधी वाचा, मगच सही करा." काय लिहिलंय ते विचारायला माझी जीभ उचलली नाही. लेकीकडून वाचून घेईन, असं भावाला सांगितलं होतं. पण लेक आदल्या दिवशीच सासरी गेली. शेजारी मास्तर राहत. त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि लाज वाटून परत फिरलो. पाकीट लग्नातल्या कोटाच्या खिशात राहिलं.

सहीच्या दिवशी भाऊ गाडीतून उतरून थेट सहीच्या जागीच आला.

"वाचून घेतलंस ना, दादा?"

"घेतलं. घर ठणठणीत आहे."

भावजय म्हणाली, "भाऊजींनी भिंती अशा बडवल्यात, की आता घर भीतीनेच उभं राहील!"

हसत हसत भावाने सही केली.

ते राहायला गेले तेव्हा थंडी कडाक्याची होती. नवव्या सकाळी तो खिडकी लावून अंघोळीला गेला. अर्ध्या तासाने भावजयीचा फोन आला. "भाऊजी, लवकर या, हे ओ देत नाहीत." दार मीच तोडलं. बादली भरून गरम पाणी वाहत होतं. तो भिंतीला टेकून बसला होता, गाल निरोगी माणसासारखे लाल.

लेक आली. कोट झटकताना पाकीट पडलं. तिने उभ्याउभ्या वाचलं.

"बाबा, चौथ्या ओळीत लिहिलंय, गिझरचा पाइप छतातच संपतो, धूर बाहेर जात नाही, दुरुस्तीपर्यंत वापरू नका. काकांनी हे वाचलं नव्हतं?"

त्या आठवड्यात मी तो गिझर उतरवला आणि मास्तरांचं दार ठोठावलं. वाचता यायला दीड वर्ष लागलं. तोवर भावजयीला पाकिटातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून तिला ते ऐकवायचं नव्हतं. मग तिच्यासमोर बसून अडखळत चौथ्या ओळीपर्यंत आलो. पुढचं तिने वाचू दिलं नाही.

"मास्तरांचं दार तुमच्या दाराला लागून आहे, भाऊजी," एवढंच ती म्हणाली.

माझा धाकटा भाऊ माझ्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी, हिवाळ्यात, नव्या घरातल्या नवव्या सकाळी वारला. तो एकेचाळीस वर्षांचा होता.