दोन टेबलं, एकच दांडा

चौकशी अधिकारी बाईंनी ड्रोन चालवायच्या पहिल्या टेबलावरचा पडदा चाचणीत ठरल्याप्रमाणे बंद केला, तेव्हा ड्रोन तलावावर होतं आणि खाली बचाव बोटीत दोन माणसं बसली होती. उस्ताद उठून शेजारच्या टेबलाशी गेले. घाई नाही, गडबड नाही. शंभरेक ड्रोनचालक त्यांच्या हाताखालून तयार झाले होते, म्हणून तर सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

त्यांतलाच एक त्यांचा जावई. गेल्या महिन्यात इथेच पडदा बंद पडला आणि दुसऱ्या टेबलावर ताबा घेताना त्याचं ड्रोन कोसळलं. उस्तादांनी अहवालात सरळ 'निष्काळजीपणा' लिहिलं. घरचा म्हणून सूट नाही. तेव्हापासून मुलगी माहेरी फिरकली नव्हती. आज तेच उड्डाण उस्तादांनी सुखरूप उतरवलं, की चूक जावयाचीच ठरून त्याचा परवाना कायमचा जाणार होता.

दोन्ही टेबलांवर सारखाच दांडा. पहिल्यावर तो इंजिनाचा, दुसऱ्यावर कॅमेऱ्यातला उजेड कमी-जास्त करायचा. पण दुसऱ्या टेबलाने ताबा घेतला, की त्याच क्षणी तोही इंजिनाचा होतो, आणि मागे ओढलेला असेल तर इंजिन बंद. म्हणून आधी दांडा पुढे, मग ताब्याचं बटण. एवढं तर शेंबडं पोरही करील, असं सकाळीच त्यांनी बाईंना ऐकवलं होतं.

उस्तादांनी दांडा पुढे केला. पाण्यावरचं ऊन कॅमेऱ्यात घुसलं आणि चित्र पांढरंफटक झालं. बोट दिसेना, आणि ड्रोन तर खाली खाली येत होतं. हाताने आपसूक दांडा मागे घेतला. चित्र उघडलं, बोट उजवीकडे दिसली, त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी बटण दाबलं.

इंजिनाचा आकडा शून्यावर आला. ड्रोन बोटीपासून वीसेक हातांवर पाण्यात पडलं. दोघेही ठीक असल्याचं बोटीवरच्याने वायरलेसवर कळवलं आणि पुढे दोन शिव्याही हासडल्या.

बाईंनी आवाज न चढवता विचारलं, की हे जावयासाठी मुद्दाम तर नाही ना केलं? तसं असेल तर ही चाचणी रद्द होईल.

हो म्हणावं, असं उस्तादांना फार वाटलं. उस्तादकी तरी शाबूत राहिली असती.

"नाही," ते म्हणाले. "नियम तोंडपाठ असून माझ्याकडून झालं. असंच लिहून घ्या."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. महिन्याभराने.

"बाबा, त्याच्यासाठी मुद्दाम पाडलंत ना?"

किती गोड वाटलं त्यांना ते ऐकायला.

"नाही गं. मी त्याला चुकीचं ठरवायलाच बसलो होतो."

तिने फोन ठेवला नाही.

"त्याला फोन दे," उस्ताद म्हणाले.