हिरव्या कव्हराचं भांडं

आत्याच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं तिने तयार कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं केली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती "चार दिवस" म्हणून धाकट्या भावाकडे राहायला आली. त्या चार दिवसांना आता दोन वर्षं उलटून गेली होती. कुणी तिला जा म्हणालं नव्हतं. पण राहा असंही कुणी म्हणालं नव्हतं, आणि हे न म्हणणं तिला उठता-बसता टोचायचं.

म्हणून ती विणायची. क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन खिडकीशी बसली की संध्याकाळपर्यंत काहीतरी हातावेगळं झालेलंच असायचं. टीव्हीला झालर, फोनला पिशवी, खुर्च्यांच्या पायांना मोजे. हो, खुर्च्यांच्या पायांना. हसायचं तर हसा. शेजारणीच्या बाळाला टोपी, खालच्या चांभाराला मफलर. मी कुणाचं फुकट खात नाही, एवढंच तिला त्या प्रत्येक टाक्यातून सांगायचं असायचं. आणि घेणारे काय, "अय्या, किती सुंदर" म्हणायचे आणि कपाटात कोंबायचे.

घरात एक ठकी होती. भावाची मुलगी, सहा वर्षांची, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. तिला दुधाची अ‍ॅलर्जी होती. पोट बिघडतं किंवा अंगावर चार पुरळ उठतात, तसली नव्हे. वर्षाची असताना कुणीतरी लाडाने चमचाभर दूध पाजलं, तर तोंड सुजून श्वासच बंद पडायची वेळ आली होती. तेव्हापासून त्या घराचं स्वयंपाकघर म्हणजे औषधाचं दुकान झालं होतं. सगळ्या वस्तू दोन-दोन. दोन कढया, दोन पळ्या, मिक्सरची दोन भांडी. एक जोड ठकीचा, दुसरा दुधा-लोण्याचा. दूध घरातून हद्दपारच का केलं नाही, असं कुणीही विचारील. पण भावाला सकाळी दुधातलं केळं घुसळून लागायचं. तो म्हणायचा, एका माणसासाठी बाकीच्यांनी काय वनवास पत्करायचा? पुरुषाची जीभ ती. तिच्यासाठी घराने दोन-दोन भांडी घासायची.

हा सगळा कारभार भावजयीच्या हातात होता. ती दुपारपर्यंत एका चष्म्याच्या दुकानात काम करायची, पण निघण्याआधी ठकीचं दुपारचं करून झाकून जायची. आत्याला त्यात बोट घालायची परवानगी नव्हती. "ताई, रागावू नका, पण तिचं खाणं मीच करणार," असं भावजयीने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. गोड शब्दात सांगितलं, पण सांगितलंच. आत्याने भाज्या चिराव्यात, भांडी लावावीत, पण ठकीच्या तोंडात घास काही द्यायचा नाही. ज्या घरात पोराला भरवायचीही मुभा नाही, ते घर आपलं कसं म्हणायचं? आत्याला दुसरं काही नको होतं. ठकीने एकदा आपल्या हातचं खावं, बस्स.

आणि त्या स्वयंपाकघरात तिचा पाय शिरला तोही क्रोशामुळेच. भावजय ठकीच्या भांड्यांवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची, आणि तो चार घासण्यांत निघून जायचा. आत्याने सगळ्या मुठींना आणि दांड्यांना कव्हरं विणून दिली. ठकीच्या भांड्यांना हिरवी, बाकीच्यांना लाल. मुक्या खांबांची, म्हणजे आखूड टाक्यांची घट्ट वीण, हलायची नाहीत की उसवायची नाहीत. त्या दिवशी भावजयीने तिला चक्क मिठी मारली. मग नियमही घालून दिला: कव्हर धुवायचं तर एका वेळी एकच काढायचं, ते वाळून परत चढलं की मगच दुसरं. आत्याला हा नियम जरा अतीच वाटला होता. पण मिठीच्या भरात ती हो म्हणाली.

भावजयीच्या वाढदिवसाला आत्याने गुपचूप कव्हरांचा नवा संच विणला. जुनी तेलकट झाली होती. दुपारी घरात कुणी नाही असं पाहून तिने सगळी जुनी कव्हरं काढली. सगळी, एकदम. आता एकेक करत कोण बसणार, भावजय यायच्या आत सगळं चकाचक दिसायला हवं होतं ना. मिक्सरची दोन्ही भांडी ओट्यावर शेजारी-शेजारी उघडी उभी होती. एकाच दिवशी घेतलेली, एकाच कंपनीची. तेवढ्यात शेजारीण टोपीचं माप द्यायला आली आणि दारातच पाच मिनिटं बोलत राहिली. आत्या परत येऊन कव्हरं चढवायला बसली, आणि काय सांगू, तो हिरवा रंग असा काही खुलला होता की ती स्वतःवरच खूश झाली.

भावजय घरी येऊन ते पाहून हरखली. मग लगेच तिने विचारलं, "ताई, एकेक करूनच बदललीत ना?"

"हो तर," आत्या म्हणाली.

एवढंच खोटं. वाढदिवसाच्या दिवशी कशाला विरजण घालायचं, म्हणून बोललेलं.

संध्याकाळी भावजयीने हिरव्या कव्हराच्या भांड्यात उकडलेला भोपळा फिरवून ठकीला सूप करून दिलं. तिसऱ्या चमच्याला ठकी खोकली. पाचव्याला तिचे ओठ सुजले. भावजयीने डोकं शाबूत ठेवून अशा वेळेसाठी घरात ठेवलेलं इंजेक्शन मांडीत टोचलं, भावाने टॅक्सी आणली, आणि सगळे धावत-पळत हॉस्पिटलात पोचले. डॉक्टर काय काय खाल्लं म्हणून विचारत होते. भावजय एकेक सांगत होती: भोपळा, मीठ, तेल, पाणी, भांडं हिरवं. भांडं हिरवं म्हटल्याबरोबर भिंतीला टेकलेली आत्या सरळ उभी राहिली. ती दोन उघडी भांडी तिच्या डोळ्यांपुढे आली.

ठकीचा श्वास ताळ्यावर आल्यावर भावाने आत्याला कपडे आणायला घरी पाठवलं. सिंकमध्ये भोपळा माखलेलं भांडं होतं, हिरव्या कव्हराचं. तिने पात्याखालची रबरी चकती काढली. खाली पांढरट थर होता, आंबूस वासाचा. भावाचं सकाळचं दूध-केळं.

तिथेच बसून ती रडली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण आत्या रडली नाही. तिला आपली वळकटी दिसली, बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यातली. दुसरं कुठे जायला जागा नव्हती. तिने भोपळ्याने बरबटलेल्या भांड्याचं हिरवं कव्हर काढून धुतलं आणि मांडणीवरच्या स्वच्छ भांड्याला चढवलं. त्याचं उतरवलेलं लाल कव्हर सिंकमधल्या भांड्याला घातलं. मग ठकीचे दोन फ्रॉक पिशवीत भरून ती हॉस्पिटलात परतली. अशी परतली की जणू काही घडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आला आणि सिंकमधलं भांडं पाहून थिजला. शेजारणीला तासभर ठकीजवळ बसवून त्याने बायकोला बोलावून दाखवलं. लाल कव्हर, आत भोपळा. आता आणखी काय पुरावा हवा? ती म्हणत राहिली, मी हिरवंच घेतलं होतं, मला पक्कं आठवतंय. मग तिने आत्याला पुन्हा विचारलं, कव्हरं एकेक करूनच बदलली होती ना? आत्याने मान डोलावली. भाऊ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दमलेल्या आवाजात म्हणाला, वाढदिवसाच्या नादात होतीस, होतं असं. आणि "होतं असं" हे तो नंतर हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला, ठकीच्या देखत.

पोरं काही बहिरी नसतात. ठकी घरी आली आणि आईने पुढे केलेली वाटी तिने बाजूला सारली. "आत्याने केलंय का?" तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तोंड मिटून बसली, ती दोन वेळा उपाशी. शेवटी भावाने सांगून टाकलं, ताई, तूच कर हिचं आता.

आत्याने मऊ भात केला आणि ठकीने तो तिच्या हातून खाल्ला, बोटंसुद्धा चाटून. दोन वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती गोष्ट मिळाली होती. आत्याला आनंद झाला नाही म्हणावं, तर ते खोटं होईल. झाला. भावाने दुसऱ्याच दिवशी तिची वळकटी हलवून ठकीच्या खोलीत पलंग टाकला आणि म्हणाला, आता तू इथेच राहायचंस. बघा, तोंडाने म्हणाला.

ती मूग गिळून बसली. महिना गेला, चार महिने गेले. ठकीचं सगळं ती डोळ्यांत तेल घालून करायची. आणि भावजयीसाठी विणायची. शाल विणली, पिशवी विणली, दुकानात न्यायला चष्म्याचं घर विणलं. भावजय प्रत्येक वेळी थँक्यू म्हणायची, आणि दर वेळी आत्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भावजय आता ठकीला पाण्याचा पेला द्यायचा झाला तरी विचारायची, ताई, हा चालेल ना? तिचा आवाजसुद्धा बारीक झाला होता.

एका दुपारी भावजय ओट्याशी उभी होती, दोन्ही भांडी समोर ठेवून. आत्याला पाहून म्हणाली, "ताई, दुकानात मी तीनदा डोळे तपासून घेतले. रंग ओळखायचं पुस्तक असतं ना, ठिपक्यांचं, तेही केलं. डोळ्यांत काही दोष नाही म्हणाले." मग म्हणाली, "म्हणजे माझं डोकंच फिरलं असणार. ते कुठे तपासतात, बघते आता."

हे आत्याला सोसलं नाही. चार महिने जे गिळलं होतं ते उलटून वर आलं. पण तिथल्या तिथे बोलायचा धीर झाला नाही. ती संध्याकाळी जेवताना बोलली, भावासमोर, सगळ्यांसमोर. तूच बरोबर होतीस, ती भावजयीला म्हणाली, तू हिरवंच घेतलं होतंस. कव्हरं मी एकदम काढली आणि उलटी चढवली. आणि तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा मीच येऊन ती परत बदलली.

भाऊ घास हातात धरून तसाच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई," तो म्हणाला, "किती गं मोठं मन तुझं. तिच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेतेस?"

अरे, खरं सांगतेय, आत्या म्हणाली. शपथ घेऊन म्हणाली, रबरी चकतीखालचा वास सांगितला, कुठलं कव्हर कुठे घातलं तेही सांगितलं. ती जेवढं सांगत गेली तेवढा तो गहिवरत गेला. बायकोकडे वळून म्हणाला, बघ, माणसाने कसं असावं ते बघ जरा. कपाळ! पुढे आठवडाभर तो ऑफिसात बहिणीच्या या मोठेपणाची गोष्ट सांगत होता.

भावजयीला मात्र सगळं कळलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग त्यावर काहीच उरलं नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती हळू म्हणाली. "दोनदा विचारलं होतं."



ठकीने तेवढ्यात चमचा खाली ठेवला होता. ती आईकडे बघत होती, मग आत्याकडे, मग पुन्हा ताटाकडे. भाऊ म्हणाला, खा गं राणी, आत्या गंमत करतेय. ठकी खुर्चीवरून उतरली. फळांच्या टोपलीतून तिने एक केळं काढलं, सगळ्या बाजूंनी फिरवून कुठे फाटलंय का ते पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून ते स्वतः सोललं.

त्याला तीन आठवडे झाले. ठकी केळं खाते, संत्रं खाते, कवचासकट उकडलेलं अंडं स्वतः सोलून खाते. डॉक्टर म्हणतात, धीर धरा, सुटेल. भावजय समोर बसते, आत्याही बसते, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. आईने सोललेलं संत्रं ठकीला चालत नाही, आणि आत्याने सोललेलंही चालत नाही.