दुरुस्ती सरांचा ब्लॉग

इस्त्रीवाल्या बाई शाळेच्या संगणकखोलीत शिरल्या त्या अवघडूनच. घरी संगणक नव्हता, म्हणून लेकीनं आपल्यावर लिहिलेलं वाचायला त्या काम टाकून आल्या होत्या. सरांनी अगत्यानं खुर्ची पुढे केली आणि वर्गाचा ब्लॉग उघडला.

हा ब्लॉग म्हणजे सरांचं निवृत्तीला टेकताना लागलेलं वेड. वहीतलं एकटे मास्तर वाचतात, इथलं सगळे वाचतील, मग मुलं जीव ओतून लिहितील, असं त्यांनी मुख्याध्यापिकांच्या गळी उतरवलं होतं. ते खरंही ठरलं. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलंसुद्धा लिहू लागली. पण प्रत्येक लेख आधी सरांकडे यायचा आणि हात फिरवल्याशिवाय ते तो सोडायचे नाहीत. मुलं त्यांना 'दुरुस्ती सर' म्हणत. बायको म्हणायची, मी रुसून चिठ्ठी लिहून ठेवली तर तीही तपासून परत द्याल. जित्याची खोड, दुसरं काय!

बाई ओठ हलवत सावकाश वाचत होत्या. लेक खुर्चीमागे उभी होती.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण सर, ही कोण बाई?"

"अहो, तुम्हीच."

"मी नाही वाटत. हिनं घरी वाचून दाखवलं तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली होती. ते बटणाचं होतं ना काहीतरी."

सरांना ते लख्ख आठवलं. पोरीनं लिहिलं होतं, 'दिवसभर इस्त्री करून आईचा हात तापतो. झोपताना ती तो माझ्या गालावर ठेवते. मी म्हणते, आई, आता तरी बटण बंद कर.' आईला बटण, हे काही बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तिथं घातलं होतं, 'माझी आई अत्यंत कष्टाळू असून तिच्या स्पर्शात मायेची ऊब आहे.' तेव्हा ते त्यांना फार साधल्यासारखं वाटलं होतं. आता मान वर करवेना.

बाईच ओशाळल्या. तुम्ही केलंय ते बरोबरच असणार, म्हणत, कपडे पडलेत म्हणून निघून गेल्या.

सरांनी पोरीला थांबवलं. "बाळ, तुझं होतं तेच परत टाकू या. फार चांगलं होतं ते."

"नको सर."

"का गं?"

"ते चुकलेलं होतं ना."

तिच्या आवाजात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. चूक तुझी नाही, माझी झाली, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली.

पुढे काही दिवसांनी तिचा नवा लेख आला. 'माझे बाबा अत्यंत कष्टाळू असून त्यांच्या नजरेत मायेची ऊब आहे.' सर शेवटपर्यंत वाचत गेले. कुठेतरी एखादी चूक सापडावी, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. पण सगळं जागच्या जागी होतं.

त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा एकदा वाचून पाहिलं. मग त्यांनी 'प्रकाशित करा'चं बटण दाबलं.